‘उतरलो’ नव्हे, ‘उतरले’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत मिर्रा लोख्वित्स्काया या रशियन कवयित्रीवर पानभर लेख आला. ते नाव मराठी अक्षरांत छापलेलं पाहून मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी एकतीस वर्षं रशियन भाषा शिकवली. एवढ्या वर्षांत हे नाव माझ्या वर्गाबाहेर कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. अख्मातोवा, त्स्वेतायेवा या नंतरच्या रशियन कवयित्रींवर आपल्याकडे लिहिलं जातं, पण त्यांच्याआधी वाट तुडवून गेलेल्या या बाईकडे कुणी वळत नाही. म्हणून लेखकाचे आणि आपले मनापासून आभार.

आता तक्रार. लेखासोबत तिच्या एका कवितेचा मराठी अनुवाद चौकटीत छापला आहे. ‘सुख माझं जर असतं मुक्त गरुड...’ ही ती कविता. अनुवाद इंग्रजीवरून केला असावा, हे तिसऱ्या कडव्याशी आल्यावर कळलं. तिथे छापलं आहे : ‘जलपरीसारखा मी तळाशी उतरलो असतो.’

जलपरीसारखा, आणि उतरलो! मी ती ओळ तीनदा वाचली. मुद्रणदोष असेल म्हणून वर-खाली पाहिलं, तर दुसऱ्या कडव्यात ‘धुंद झालो असतो’ आणि चौथ्यात ‘जाळत राहिलो असतो’. म्हणजे चूक नजरेतून निसटलेली नाही, कविताभर निगुतीने सांभाळलेली आहे. एका बाईची कविता, तीही स्वतःच्या बाईपणाचा एवढा उघड उच्चार करणारी, आपल्या चौकटीत पुरुषाची होऊन बसली.

ही कविता १८९१ सालची. लोख्वित्स्काया तेव्हा एकवीस वर्षांची होती. चार कडवी, सोळा ओळी. पहिल्या कडव्यात ती म्हणते, माझं सुख मुक्त गरुड असतं आणि निळ्या आभाळात दिमाखात तरंगत असतं, तर मी धनुष्य ताणलं असतं, गाणारा बाण लावला असता, आणि जिवंत असो वा मेलेला, तो माझा झाला असता. दुसऱ्यात सुख हे कड्यावरचं फूल होतं, तिसऱ्यात नदीच्या वाळूत गाडलेली अंगठी, आणि चौथ्यात ते थेट समोरच्या माणसाच्या काळजात असतं. तिथेही ती विनवणी करत नाही. रात्रंदिवस गुप्त आगीने ते काळीज जाळत राहिले असते म्हणते, इतकं की त्याने फक्त माझ्यासाठीच धडधडावं.

रशियन भाषेत भूतकाळी आणि संकेतार्थी क्रियापदाला कर्त्याचं लिंग लागतं. ‘नात्यानुला’, ‘दोस्ताला’, ‘सोर्वाला’, ‘उपिलास’, ‘अपुस्तीलास’, ‘झ्ग्ला’ : ताणलं, मिळवलं, खुडलं, धुंद झाले, उतरले, जाळलं. सोळा ओळींत ही सहा स्त्रीलिंगी क्रियापदं एकामागून एक येतात. पुरुषाच्या तोंडी हीच कविता घाला, तर ती नेहमीची फुशारकी होते. शिकार करीन, फूल तोडीन, अंगठी काढीन, असं पुरुष कवी शतकानुशतकं म्हणत आले आहेत. ते बाईने म्हणावं, धनुष्य तिच्या हातात असावं आणि आभाळात उडणारं सुख तिने बाणाने खाली आणावं, यात त्या काळच्या वाचकाला चमकवणारं सगळं होतं. ते सगळं क्रियापदाच्या शेवटच्या ‘ला’मध्ये आहे.

इंग्रजीत हे दिसत नाही, तिथे क्रियापदाला लिंगच नाही. त्यासाठी इंग्रजी अनुवादकाला दोष देता येणार नाही. पण मराठीला ही अडचण नव्हती! आपण शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोकले, तेच इथे कामाला येतात. ‘मी धनुष्य ताणलं असतं’, ‘मी फूल मिळवलं असतं’, ‘मी ते खुडलं असतं’ हे कर्मणी. इथे क्रियापद कर्मामागे जातं आणि बोलणारी बाई की बाप्या हे झाकलेलं राहतं. तिथे अनुवादकाचा इलाज नाही, माझाही नाही. पण उरलेल्या तीन ठिकाणी कर्तरी प्रयोग येतो आणि मराठी क्रियापद विचारतंच, बोलतंय कोण? झाले की झालो? उतरले की उतरलो? राहिले की राहिलो? नेमक्या त्या तीनही ठिकाणी उत्तर चुकलं. लेखाच्या मथळ्यात ‘कवयित्री’ हा शब्द ठळक अक्षरांत असताना चुकलं. कवितेतला ‘मी’ म्हणजे पुरुषच, ही आपल्या हाताची सवय किती जुनी आहे, हे त्या तीन शब्दांत मला दिसलं आणि वाईट वाटलं.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती रशियन कविता वाचणाऱ्यांना ठाऊक असते. झिनाइदा गिप्पिउस ही त्याच पिढीची दुसरी मोठी कवयित्री. दोघींचा जन्म १८६९च्या नोव्हेंबरातला, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे गिप्पिउसचा ८ तारखेचा आणि लोख्वित्स्कायाचा १९चा. अवघं अकरा दिवसांचं अंतर. गिप्पिउसने आपल्या कितीतरी कवितांत जाणूनबुजून पुल्लिंगी क्रियापदं वापरली. तो तिचा निर्णय होता, आणि त्यावर समीक्षकांनी भरपूर लिहिलं आहे. लोख्वित्स्कायाने उलट निर्णय घेतला. ती पहिल्यापासून ‘हवं होतं मला’ हे स्त्रीलिंगात म्हणाली आणि त्यासाठी तिने निर्लज्जपणाचे आरोप सोसले. तिने नाकारलेलं रूप आपण तिच्यावर चढवलं आहे.

लेखाच्या मजकुरातही काही गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात.

मिर्रा हे तिचं जन्मनाव नव्हे. ती मारिया अलेक्सांद्रोव्ना, पीटर्सबर्गमध्ये जन्मलेली. वडील अलेक्सांद्र लोख्वित्स्की नामांकित वकील आणि कायद्याचे प्राध्यापक होते, हजरजबाबीपणासाठी प्रसिद्ध. १८७४मध्ये कुटुंब मॉस्कोला आलं आणि तिचं शिक्षण तिथल्या मुलींच्या अलेक्सांद्रोव्स्की संस्थेत झालं. ‘मिर्रा’ नंतर आलं. मिर्रा म्हणजे हिराबोळ. तिचे पणजोबा कोंद्रात लोख्वित्स्की गूढवादी वृत्तीचे होते, आणि वारा हिराबोळाचा सुगंध घेऊन चालला आहे अशा अर्थाचे शब्द त्यांनी मरताना उच्चारले, अशी त्या घराण्यात आख्यायिका होती. त्यावरून हे नाव आलं असं सांगतात.

तिला पुश्किन पारितोषिक मिळालं असं लेखात म्हटलं आहे. ते अर्धं पारितोषिक होतं, ५०० रुबलचं, १८९७मध्ये, आदल्या वर्षी आलेल्या पहिल्या संग्रहासाठी. ‘अर्धं’ म्हटल्याने मान कमी होत नाही. सत्ताविशीतल्या बाईच्या पहिल्या पुस्तकाला विज्ञान अकादमीने हा मान द्यावा ही मोठीच गोष्ट होती. दुसऱ्यांदा अर्धं पारितोषिक मिळालं तेव्हा ती हयात नव्हती.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. पानभर लेखात निम्मी जागा बालमोंटला दिली आहे. कोन्स्तान्तीन बालमोंट, तिचा समकालीन, त्या काळचा अत्यंत लोकप्रिय कवी. ती त्याची ‘प्रेयसी’, तेफीची ‘बहीण’, ‘रशियन साफो’. लेख संपेपर्यंत ती दुसऱ्या कुणाची तरी कोणीतरी एवढीच राहते. साफो या प्राचीन ग्रीक प्रेमकवयित्रीचं हे बिरुद तिला तिच्या काळातच चिकटलं. बालमोंटने १९०३च्या ‘सूर्यासारखे होऊ या’ या संग्रहाच्या अर्पणपत्रिकेत अनेक स्नेह्यांच्या नावांमध्ये तिचं नाव घातलं, तिथेही तो तिला रशियन साफो म्हणतो. दोघांच्या कवितांमध्ये वर्षानुवर्षं चाललेला संवाद आहे हे खरं. एकाचं वृत्त दुसरा उचलतो, एकाच्या प्रतिमेला दुसरीकडून उत्तर जातं. अभ्यासकांनी तो ओळ न् ओळ लावून पाहिला आहे. पण त्या संवादात ती नुसती ऐकणारी नव्हती, बरोबरीने बोलणारी होती. लेखात तिच्या बाजूची एकही ओळ नाही.

तेफीचंही तसंच. तेफी म्हणजे धाकटी बहीण नादेझ्दा, १८७२ची, पुढे विनोदी लेखनाने सगळ्या रशियाला हसवणारी, नंतर पॅरिसला स्थलांतर केलेली, १९५२पर्यंत जगलेली. भाऊ निकोलाय सैन्यात जनरल झाला आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला पाठवलेल्या रशियन तुकडीचं नेतृत्व त्याने केलं. घरच तसं होतं. पण नादेझ्दाची पहिली कविता १९०१मध्ये छापली गेली, तेव्हा मिर्राचे तीन संग्रह निघून गेलेले होते. त्या वेळी ‘लोख्वित्स्कायाची बहीण’ अशी ओळख सांगावी लागत होती ती तेफीची.

रशियन लेखक इवान बुनिनने मिर्राबद्दल आठवणी लिहून ठेवल्या आहेत. प्रेमाच्या आणि वासनेच्या कविता लिहिते म्हणून लोक तिला मद्यधुंद नर्तकीच समजत, आणि प्रत्यक्षात ती कितीतरी आधीच लग्न झालेली, अनेक मुलांची आई, घर सोडायला नाखूश, पाहुण्यांनाही घरातल्या सैल झग्यात सोफ्यावर पडल्या पडल्या भेटणारी, असं त्याने लिहिलं आहे. नवरा येव्गेनी झिबेर बांधकामाचा अभियंता होता, त्याच्या नोकरीबरोबर तिचं घर हललं. तिला पाच मुलगे झाले. चौघांवर तिने एक कविता लिहिली आहे, ती लेखात यायला हवी होती असं मला फार वाटलं. मिखाईल माझा धडाडीचा शिपाई, बडबड्या, एका जागी न ठरणारा, माझा जीव नकोसा करणारा. झेन्या म्हणजे लख्ख पोर, माझीच सुधारून काढलेली तसबीर. वोलोद्या शकुन-अपशकुन मानणारा, वादाला अंत नाही, पण अदबीने सगळ्यांना जिंकणारा. आणि इझ्माईल पूर्वेचा पुत्र, ताडांच्या शेंड्यांची सळसळ, दिवसभर गाढ झोपतो आणि रात्री एकटाच जागा. शेवटी म्हणते, मानसन्मान आणि कीर्ती खुशाल नाकारीन, पण माझी ही पलटण, हे चार बहाद्दर, कुणाला देणार नाही.

‘पलटण’ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. तिचा शब्द ‘अरावा’ आहे, म्हणजे गोंगाट करणारी पोरांची टोळी. आणि ‘रात्री एकटाच जागा’ या ओळीशी मी नेहमी थांबते. तान्हं मूल रात्री जागं आहे हे कुणाला कळतं? त्याच्या शेजारी जी जागी असते तिला. गरुडावर बाण सोडणारी आणि इझ्माईलजवळ जागणारी एकच बाई आहे. तिच्या काळच्या लोकांना या दोन बायका वेगळ्या वाटल्या, म्हणून त्यांनी एकीला साफो केलं आणि दुसरीची गंमत सांगितली. पाचवा मुलगा वालेरी १९०४चा. त्याच वर्षी तिचा पाचवा संग्रहही आला.

ती गरुडाची कविता माझ्यापर्यंत कशी आली तेही सांगते, कारण त्यामुळेच मला गप्प बसवलं नाही.

१९८३मध्ये मी लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, शिकायला गेले. उच्चार शिकवायला एक वयस्क बाई होत्या. सोव्हिएत काळात लोख्वित्स्कायाचं स्वतंत्र पुस्तक निघालं नव्हतं, एखाद्या संकलनात थोड्या कविता सापडायच्या. पण आमच्या बाईंना या सोळा ओळी पाठ होत्या. त्यांच्या आईच्या वहीत होत्या, म्हणाल्या. स्त्रीलिंगी भूतकाळ माझ्या जिभेवर बसेना, मी सारखी पुल्लिंगात बोलायचे, तेव्हा एका दुपारी त्यांनी व्याकरणाचं पुस्तक मिटलं आणि ही कविता म्हणायला लावली. ‘नात्यानुला ब या’ म्हणताना त्या डावा हात पुढे करून उजव्याने खरोखर धनुष्य ताणायच्या, आणि शेवटचा ‘ला’ स्पष्ट आला नाही की दोरी सोडायच्याच नाहीत. हात तसाच ताणलेला. मी पुन्हा म्हणायची, पुन्हा. सहाही क्रियापदं नीट आली तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.

त्यानंतर मी नेव्स्की रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन तिचे जुने संग्रह मागवले. क्रांतीपूर्व लिपीतली ती पानं, शब्दाशब्दाच्या शेवटी उच्चार नसलेलं जास्तीचं अक्षर, वाचायला जड जायचं. चाळीस-एक कविता हाताने उतरवून घेतल्या. ती वही अजून आहे. त्यात १९०४ची ‘मला तरुणपणी मरायचं आहे’ ही कविताही आहे. आपल्या लेखाने तिचा उल्लेख ‘भविष्यवाणी’ म्हणून केला, कारण पुढच्याच वर्षी ती वारली. मला ती तशी वाचवत नाही. त्या कवितेत ती आपल्या थडग्याबद्दल एक विलक्षण मागणी करते : दीर्घ वैराने थकलेल्या दोघांना माझ्या दगडापाशी एकत्र सुख मिळावं. आणि शेवटच्या कडव्यात म्हणते, ‘तिची’ आठवण राहो, जिने जगण्यासाठी हृदयं जागी केली. इथेही रशियनमध्ये ‘तोय’ आहे, स्पष्ट स्त्रीलिंग. इंग्रजीतून ही ओळ आली तर तिथे पुन्हा कुणीतरी ‘त्याची’ लिहील, या भीतीने मी आधीच सांगून ठेवते.

ती गेली जुन्या रशियन पंचांगाच्या २७ ऑगस्ट १९०५ला, आजच्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे ९ सप्टेंबरला. लेखात जन्म जुन्या पंचांगाने आणि मृत्यू नव्याने दिला आहे, तेवढं एकसारखं करावं. वय पस्तीस. जपानशी पोर्ट्समाउथचा तह होऊन चार दिवस झाले होते, देशात क्रांतीचं वर्ष चालू होतं. अशा वेळी कवयित्रीच्या मरणाकडे कुणाचं किती लक्ष जाणार? ज्याचं गेलं त्यांच्यात इगोर सेवेर्यानिन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. पुढे मोठा कवी झाल्यावर त्याने एका कल्पित देशाला तिच्या नावावरून ‘मिर्रेलिया’ नाव दिलं.

लेनिनग्राड सोडण्याआधी मी तिचं थडगं शोधायला गेले. अलेक्सांद्र नेव्स्की मठाच्या आवारात पुढच्या बाजूला तीख्विन दफनभूमी आहे. दस्तयेव्स्की आणि चायकोव्स्की तिथे आहेत, सगळे पर्यटक तिथेच वळतात. तिचं थडगं मागे, त्रोइत्स्की कॅथेड्रलच्या पाठीमागच्या निकोल्स्कोये दफनभूमीत. त्या काळी तिथे गवत माजलेलं होतं. ओला पाला बाजूला सारून अक्षरं वाचली. वर ‘मारिया अलेक्सांद्रोव्ना झिबेर’ आणि त्याखाली अवतरणचिन्हांत ‘एम. ए. लोख्वित्स्काया’. नवऱ्याचं आडनाव उघडं, आणि ज्या नावाने तिने कविता लिहिल्या ते अवतरणात, जणू उसनं. शेजारी नवऱ्यासाठी राखलेली जागा रिकामीच होती. मी तिथे उभं राहून ती सोळा ओळींची कविता म्हटली, सहाही ‘ला’ स्पष्ट.

म्हणून संपादक महोदय, शुद्धिपत्र छापताना ‘अनवधानाने लिंगात चूक झाली’ एवढीच ओळ देऊ नका. कडवं पुन्हा छापा. वहीतला माझा अनुवाद सोबत देते. यमक साधलेलं नाही, त्यापेक्षा चांगला कुणी करून दिला तर तो छापा, माझं नावही घालू नका. पण क्रियापद हेच ठेवा.

सुख माझं जर असतं दुर्मिळ अंगठी एखादी,
नदीच्या भुसभुशीत वाळूखाली गाडलेली,
तर जलपरी होऊन मी तळापर्यंत उतरले असते
आणि माझ्या हातात ती झळकली असती.

आपली,
रशियन भाषेची एक निवृत्त शिक्षिका